जुने लाउडस्पीकर आणि चाळीतले हेर

रविवार, १४ ऑक्टोबर १९५६. दसरा.
मुहूर्त उत्तम. चाकणच्या यशवंतरावांकडून लाउडस्पीकरची जोडी आणली. लढाईच्या आधीचा विलायती माल. त्यांची तंबूतली टॉकीज बंद पडली म्हणून आपल्या हाती लागला. कितीला घेतला ते इथे लिहीत नाही. रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे, पण ट्रंकेची किल्ली कुठे असते ते बायकोला, इंदूलाही ठाऊक आहे.

एकाचा कागदी भोंगा फाटलेला, दुसऱ्यात उंदराचं जुनं घरटं. किरकोळ काम. लक्ष्मीपूजनाला चालू करणार. मग चिंचवडातल्या प्रत्येक लग्नामुंजीला लोक माझ्या दारात.

ट्रकवरून उतरवताना कोपऱ्याच्या खोलीतले बबनराव "हात लावू का?" म्हणत आले. चाळीत रेडिओ त्यांच्या एकट्याकडे. ही ऐट आता जाणार, हे त्यांनी ओळखलेलं दिसतं. हात लावू दिला नाही. दोन्ही खोकी एकट्याने उचलली.
कंबर धरली आहे.

बुधवार, १७ ऑक्टोबर. संध्याकाळ.
भयंकर शोध. भोंग्यामागच्या लोखंडाला स्क्रू-ड्रायव्हर लावला. चिकटत नाही. दुसऱ्यालाही नाही. लाउडस्पीकरला लोहचुंबक लागतंच, मासिकात वाचलं आहे. म्हणजे कोणीतरी आतून काढून घेतलं! संशय यशवंतरावांवर. ट्रकवाल्यावर. सर्वांत जास्त बबनरावांवर. हात नुसता लावायचा नसावा.

इंदू चहा घेऊन आली. "अहो, एक सांगायचं होतं," म्हणाली. म्हटलं, आधी हे सांग, मी कारखान्यात असताना घरी कोण आलं होतं? तर म्हणे सुमनताई पेटी घेऊन आल्या होत्या. सुमनताई म्हणजे बबनरावांच्या सौभाग्यवती. इंदूला गाण्याचा नाद, ह्यांना पेटीचा. वरवर पाहता ठीक. पण पेटीत सुरांशिवाय काय काय मावतं, ह्याचा कोणी विचार केला आहे का? इंदूचं काय सांगायचं होतं ते राहिलंच.

रविवार, २१ ऑक्टोबर.
चाकणला जाऊन यशवंतरावांना जाब विचारला. हसले. म्हणाले, "अर्जुनराव, ह्या जातीत लोहचुंबक नसतंच. आत तारेची गुंडाळी आहे. तिला वीज दिली की लोखंड आपोआप चुंबक होतं. माहितगाराकडून जोडून घ्या, नाहीतर नसती आफत कराल." वर चहा पाजला.
चोर नेमका असाच बोलतो. आणि चहा पाजतो.
तरी गुंडाळीचं लक्षात ठेवलं. माहितगार मीच होणार. स्टोअरमध्ये क्लार्क असलो तरी शेजारीच इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट आहे. जाता-येता डोळे उघडे असतात.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर.
काल गव्हाच्या खळीने भोंग्याला कागदाचे तुकडे डकवले. सुबक काम. सकाळी पाहतो तर कड कुरतडलेली. इंदू म्हणते झुरळं, खळ गोड लागते त्यांना. असेल. पण कुरतडायला सुरुवात डावीकडून झाली आहे. बबनराव डावखुरे आहेत.

आजपासून घरात गुणगुणायला बंदी. टेस्टिंगला शांतता लागते. टेस्टिंग अजून सुरू नाही, पण सवय लागलेली बरी. इंदूने माझी कपबशी उचलली. मग म्हणाली, "मी सुमनताईंकडे जाऊन म्हणत जाईन." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. सुचलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
लाउडस्पीकर चालू नाहीत. आज अमावास्या. अमावास्येला विजेची कामं करणं बरं नव्हे. लक्ष्मीपूजन दरवर्षी अमावास्येलाच येतं, हे मुदत ठरवताना लक्षात आलं नव्हतं. कामाच्या व्यापात असं होतं. नवी मुदत त्रिपुरी पौर्णिमा.

इंदू फराळाचं ताट घेऊन कोपऱ्याच्या खोलीत गेली ती बऱ्याच वेळाने आली. भिंतीला कान लावला होता. पेटी आणि गाणं. तीच ओळ पुन्हा पुन्हा. शिकणारं माणूस एकच ओळ इतक्या वेळा म्हणेल का? खूण असावी.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर.
आता कमाल झाली. इंदू आणि सुमनताई गाडीने पुण्याला जाऊन आल्या. मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही, इंदूनेच सांगितलं. म्हणजे खरं कारण वेगळं असणार. म्हणाली, "रेडिओ स्टेशनात आवाजाची परीक्षा घेतात."
कोणाचा आवाज? हे नेमकं सांगत नाही. सबंध घरात आवाजाचं काम मी एकटा करतो आहे.
ती पाणी भरायला गेली तेव्हा पिशवी उघडून पाहिली. शेवग्याच्या शेंगा आणि शेवंतीची सुकलेली वेणी. भोंग्याचा कागद, तार, काही नाही. फारच सावध आहेत.

मंगळवार, १३ नोव्हेंबर.
मी खोक्यात डोकं घालून बसलो होतो, तोंडात वायर. इंदू दारातून म्हणाली, "अहो, मी पास झाले! रविवारी सकाळी आहे. ऐकाल ना?" "हं" म्हटलं. वायर तोंडात असताना माणूस दुसरं काय म्हणणार?
मागाहून विचार केला. पास. रेल्वेचा काढला असणार. म्हणजे आता रोज पुणे!
डोकं बाहेर काढून विचारणार होतो, पण ती निघून गेली होती. ओट्याशी बसून डाळ निवडत होती. चेहरा पाडून. काहीतरी मनाला लागलं आहे. बहुधा मी कटाच्या जवळ पोहोचलो आहे.

शनिवार, १७ नोव्हेंबर.
बबनराव स्वतः बोलवायला आले. "उद्या सकाळी या हं आमच्याकडे. सगळी चाळ येणार आहे." सगळी चाळ! म्हणजे ह्यांनीही लाउडस्पीकर आणला. माझ्या आधी वाजवून दाखवणार.
वाजवा. मी माझी जोडी घेऊनच येतो. भोंगे वाळले आहेत, खोकी पुसून तेल लावलं. गुंडाळीची तार भिंतीतल्या प्लगला, आवाजाची तार रेडिओच्या पाठीमागे. डोक्यात सगळं स्पष्ट आहे. टेस्टिंग वेगळं करायची गरज नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर. दुपार.
जमेल तसं लिहितो.

सकाळी इंदू नवं पातळ नेसून सुमनताईंबरोबर निघाली. दारात थांबली. "येते," म्हणाली. मी खोक्यांना सुतळी बांधत होतो. मान हलवली.

बबनरावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. बायका आत, पुरुष दारात. लाउडस्पीकर कुठेच नाही. टेबलावर नुसता तो रेडिओ, त्याला झेंडूचा हार. बबनराव म्हणाले, "अर्जुनराव, पुढे बसा. मान तुमचा. आज वहिनी गाणार."
मी विचारलं, कुठे?
सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मग रेडिओतून बाईंनी नाव सांगितलं. इंदूचं. माझ्या आडनावासकट. पेटीचे सूर आले. एवढा मोठा मान, आणि आवाज त्या डबड्यातून! दारातल्यांना धड ऐकूही येत नव्हतं. माझी जोडी तिथेच, पायाशी. मनात आलं, इंदूचा आवाज सबंध चिंचवडाला ऐकवू. ह्यात माझी ऐट नव्हती. थोडी होती.

बबनराव "अहो, अहो, काय करताय?" म्हणेपर्यंत एक तार प्लगात घातली होती. दुसरी रेडिओला लावली.
फट्ट.
धूर. जळलेल्या मेणाचा वास. मग काही नाही.

चाळीत दुसरा रेडिओ नाही. कोणीतरी म्हणालं, स्टेशनसमोरच्या दुकानात आहे. दोघे पळत गेले. दुकान रविवारचं बंद. आणि इंदू तिकडे पुण्यात गातच होती. रेकॉर्ड वगैरे काही नाही, गायलं की संपलं. हे मला बबनरावांनीच समजावून सांगितलं. रागावले नाहीत. रेडिओची मागची फळी उघडली, वास घेतला, पुन्हा लावली. रागावले असते तर संशय घ्यायला काही राहिलं असतं.

रविवारच. दिवेलागण.
इतर कोणी सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून स्टेशनवर गेलो. दोघी गाडीतून उतरल्या. इंदू मला पाहून थांबली. मी तिला घ्यायला कधी स्टेशनवर गेलेलो नाही. लांबूनच विचारलं तिने, "ऐकलंत?"
चेहरा इतका फुललेला होता की सांगायचं ते सांगता आलं नाही. म्हटलं, हो. छान झालं.
"खरंच? सगळ्यांनी ऐकलं?"
सगळ्यांनी.
"काय आवडलं तुम्हाला?"
म्हटलं, दुसरं गाणं.

सुमनताई रुळांकडे बघू लागल्या. वेळ कमी पडला, एकच गाणं झालं होतं, असं सुमनताईंनी हळूच सांगितलं.
घरापर्यंत आम्ही तिघं चालत आलो. इंदू दोन पावलं पुढे.

सोमवार, १९ नोव्हेंबर. सकाळ.
आकुर्डीचा गेनू गवळी दूध घालायला आला. इंदू नळावर होती, म्हणून मीच पातेलं घेऊन गेलो. मापं ओतता ओतता म्हणाला, "मालक, काल कासारवाडीच्या हाटेलात वैनींचं गानं ऐकलं. लई ग्वाड! समदी मान्सं च्या प्यायची थांबली हुती. तुमास्नी कसं वाटलं?"
मी विचारलं, गाणं ध्यानात आहे का रे?
"व्हय, हाय की ध्यानात," म्हणाला, आणि तिथेच दारात, म्हशीला हाक मारावी तशा आवाजात म्हणून दाखवलं:

दार लोटू नका बाई, चांदणं येतंय दुरून...

पुढचं त्याला आठवेना. चाल तर नक्कीच चुकत होती.
म्हटलं, गेनू, पुन्हा म्हण.
त्याने पुन्हा म्हटलं. दाराला टेकून ऐकलं. दुधात पाणी होतं. त्याला काही बोललो नाही.