दोनशे बारा फोटोंचा बंदोबस्त

१८ जून २००७, सोमवार
शाळा सुरू. संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला. यंदा सगळ्या पोरांना कॉम्प्युटरवरचं आय-कार्ड पाहिजे. फोटो, नाव, गाव, फोन नंबर, सगळं प्लास्टिकमध्ये. मुख्याध्यापक म्हणून जबाबदारी माझी. दुसऱ्या कोणावर टाकून उपयोग नाही. स्टाफ कसला आहे ते मला ठाऊक आहे.
मुलींचे फोटो म्हणजे जोखमीची वस्तू. तेव्हा आजच ठरवलं, एकही फोटो माझ्या परवानगीशिवाय इकडचा तिकडे होणार नाही. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांसारखं काम करायचं.

२२ जून
स्टाफ मीटिंग. गणिताचे जमील सर नेहमीप्रमाणे अक्कल पाजळायला उभे. म्हणे वाशिमचा एक माणूस मशीन घेऊन शाळेतच येतो, आपल्यासमोर कार्डं काढतो, फोटो शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवून जातो, स्वतःजवळ काही ठेवत नाही. लेकरांची माहिती बाहेर जाऊ नये, हेही मलाच सांगितलं. बावीस वर्षं सर्व्हिस झाली माझी.
मी विचारलं, फोटो शाळेत राहिले तर स्टाफ बघत बसणार नाही कशावरून? पासवर्ड घालू म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२७ जून
कनेरगाव नाक्यावर पुनमचंदच्या फोटो दुकानात गेलो. काचेचा दरवाजा, एसी, दोन कॉम्प्युटर. त्याने मला स्टुलावर बसवून फोटो काढला आणि माझ्यादेखत डोक्यावरचे पांढरे केस काळे केले. गालावरचा चामखीळही काढून टाकला. घरी फोटो दाखवला तर ही हसली. हिला टेक्नॉलॉजीतलं काय कळतं.
ऑर्डर पुनमचंदला. वाशिमवाल्याला भेटायची गरज उरली नाही.

२ जुलै, दुपारी ३
करारनामा स्वतः लिहिला. स्टॅम्प पेपरवर, बारा कलमं. कलम एक : सर्व फोटो व माहिती पुरवठादाराच्या ताब्यात सुरक्षित राहील. मुद्दाम पहिलं घातलं.
जमील सरांनी न विचारता वाचलं. म्हणाले, सर, परत कधी देणार, पुसून कधी टाकणार, ते कुठं आहे? मी म्हणालो, सुरक्षित हा शब्द दिसला नाही का? पुनमचंदने न वाचता सही केली. विश्वास म्हणतात तो हा.

९ जुलै
फोटोचा दिवस. दोनशे बारा पोरं. पोरांचे दात, नाकं, बटणं, सगळं मलाच बघावं लागलं. क्लार्क संतरामने यादी दिली. तांड्यावर फोन नाहीत, म्हणून तिथल्या पोरांना खेमाच्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर, म्हणजे निरोपाचा फोन, लावला.
नववीतल्या शिलासोबत तिची आई पारुबाई आली होती. तांड्यावरून नववीपर्यंत आलेली ही पहिलीच मुलगी, वर्गात पहिली दुसरीही असते. पारुबाई म्हणाली, गुरुजी, ह्या फोटोचं काय करून राहिले तुमी? मी म्हणालो, गोपनीय ठेवणार, कोणी बघणार नाही. ती म्हणाली, मंग काढता काहून? अडाणी माणसाला उत्तर देण्यात अर्थ नसतो.
मग तिने सांगितलं की शिलाचा बाप बाबूसिंग पोरीला शाळेत धाडायला राजीच नव्हता. मी लई भांडून धाडून राहिले गुरुजी, काही बोलणं आलं तर माझ्या लेकराची शाळा बंद. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय हे तिला माहीत नसावं, कारण दोनदा विचारलं.

१६ जुलै
पुनमचंदकडून फोटो आणि माहितीची सीडी आली. सगळ्या स्टाफला बोलावलं. सीडी लिफाफ्यात, लिफाफा कापडी पिशवीत, वर गरम लाख, लाखेवर शाळेचं सील. परीक्षेची पाकिटं बावीस वर्षं अशीच बंद केली, एकही पेपर फुटला नाही. जास्त खबरदारी म्हणून दोन्ही बाजूंनी लाख ओतली. जमील सर मध्येच म्हणाले, सर, सीडीला गरम... मी नुसतं बघितलं. बसले.
पिशवी माझ्या कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला.

२४ जुलै
दोन नावं दुरुस्त करायची म्हणून सील फोडलं. सीडी पापडासारखी वाकडी. आजकालचा माल असाच.
पुनमचंदला फोन केला. म्हणाला, सर, टेन्शन मत लो, सब मेरे कम्प्यूटर में है. जीव भांड्यात पडला. कलम एक किती दूरदृष्टीने घातलं होतं ते आज कळलं. जमील सरांना मुद्दाम बोलावून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आभार मानायची पद्धत नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार
जमील सर म्हणाले, नाक्यावर जाऊन या. काहीतरी खोडी काढायची असणार म्हणून गेलो नाही. संध्याकाळी गेलो.
पुनमचंदच्या दुकानाबाहेर दाराएवढा फ्लेक्स. त्यावर शिलाचं आय-कार्ड जसंच्या तसं. फोटो, पूर्ण नाव, तांड्याचं नाव, पी.पी. नंबर. खाली, आय-कार्ड बनवून मिळतील. समोर ढाबे, हिंगोलीच्या सगळ्या जीप तिथंच थांबतात.
जाब विचारला. म्हणाला, सर, आपके स्कूल की फ्री में ॲडव्हर्टाइज. शाळेचं नाव खरंच मोठं टाकलं होतं, छपाईही सुबक. तरी शिस्त ती शिस्त. सोमवारी कडक पत्र काढतो.

२० ऑगस्ट
पत्र काढलं. जावक क्रमांक टाकला, दोन प्रती. भाषा अशी की वाचून घाम फुटावा.
खेमा किराणावाला येऊन बसला. म्हणे, सर, दिसभर फोन वाजून राहिला. ढाब्यावरची टवाळ पोरं शिलाला बोलवा म्हणतात. माझी बायको फोन उचलायला भेते आता. मी सांगितलं, मग उचलू नका. माणसं साध्या गोष्टीची तकलीफ करून घेतात.

२५ ऑगस्ट
स्मरणपत्र क्रमांक एक. पुनमचंदने उत्तरात माझाच करारनामा पाठवला, लॅमिनेट करून. कलम एकखाली लाल रेघ. फोटो त्याच्या ताब्यात आहेत आणि फ्लेक्सला काचेचं छत असल्यामुळे सुरक्षित आहेत, असं त्याचं म्हणणं. हलकट माणूस. मी त्याला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

२९ ऑगस्ट, सकाळी ११
बाबूसिंग आला. बसा म्हटलं तर बसला नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाला, सर, ज्या ढाब्यावर मी च्या पेतो तिथून माझ्या लेकीचं नाव कोनीबी वाचून राहिलं. काल एकानं मलाच इचारलं, ही तुमच्या तांड्याची व्हय का म्हणून. सोमवारपासून ती येणार न्हाई.
मी म्हणालो, मी ताबडतोब गोपनीयता समिती नेमतो. अध्यक्ष मी. पहिली बैठक १५ सप्टेंबरला. तो समितीचं पूर्ण ऐकून न घेता गेला. या लोकांना प्रक्रिया माहीत नसते.
शिला व्हरांड्यात उभी होती. तिच्याकडे बघायचं टाळलं. कामं फार होती.

१ सप्टेंबर, शनिवार
पारुबाई सकाळच्या जीपने एकटी नाक्यावर गेली. दुकानातलं स्टूल बाहेर आणलं, त्यावर चढली, फ्लेक्स खाली ओढला. मग आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. म्हणाली, दोनशे बाराही लेकरं काढ, त्याबिगर उठत न्हाई. काय काय पुसायचं ते दाखवायला जमील सर उभे. गिऱ्हाइकं दारात गोळा झाली. पुनमचंदने निमूट सगळं पुसलं. अर्धा तास लागला.
जमील सर शाळेच्या वेळेत विनापरवानगी बाहेर. मेमो दिला.
अध्यक्षांना अहवाल पाठवला : मुख्याध्यापकांच्या सततच्या पाठपुराव्यामुळे फलक हटवण्यात आला. शिलाही आता येईल. सोमवारी प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलावेत का, विचार करतो.

६ सप्टेंबर, गुरुवार
पारुबाई शिलाला घेऊन ऑफिसात आली. मला वाटलं, आभार मानायला. खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, दाखला द्या. मी म्हणालो, बाबूसिंग ऐकत नाहीत का, मी समजावतो. ती म्हणाली, त्यायला ऐकवलं म्या. लेकरू हिंगोलीला माझ्या बहिणीपाशी राहून शिकन. शिकन बराबर, पन तुमच्यापाशी न्हाई.
संतरामने दाखला भरला. शाळा सोडल्याचं कारण. तांड्यावरच्या पोरांसाठी त्याच्याकडे रबरी शिक्का तयारच असतो, ऊसतोडीसाठी स्थलांतर. त्याने तो मारला. मी सहीला पेन उघडलं. पारुबाईने लेकीला सांगितलं, वाच काय लिवलं ते. शिलाने मोठ्याने वाचलं. पारुबाई म्हणाली, आमी ऊस तोडाया कुठं गेलो? खोटं काहून लिवता?
मी म्हणालो, मग काय लिहू? ती म्हणाली, जे झालं ते.
संतरामने शिक्का खाली ठेवला. काय झालं हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं असं नाही. येत होतं, म्हणूनच हात चालेना. लाज वाटली. शिलासमोर वाटली, हे जास्त वाईट.
शिक्का खोडला. त्यावर स्वतः लिहिलं, मुख्याध्यापकांनी मुलीचा फोटो व फोन नंबर दुकानदारास दिल्यामुळे. रकाना एका ओळीचा, दोन ओळी झाल्या. शिलाने वाचलं. पारुबाईने मान हलवली. सही केली, गोल शिक्का मारला. त्या गेल्या.
दाखल्याची दुसरी प्रत ऑफिसात कायमची राहते. संतरामने ती पुढे सरकवली. तिच्यावरही तेच लिहावं लागलं.