आधी जेवून घे

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपारी, पार्लर बंद करून

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. पाकिटावर तुझं नाव घालताना हात सवयीनं 'बारक्या'च लिहायला निघाला होता. मग पोस्टमन काय म्हणेल या भीतीनं शहाण्यासारखं पूर्ण नाव घातलं, प्रसिद्ध लेखकाला शोभेल असं.

आम्ही बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा अजून कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते जास्त कुरकुरतात. पार्लरमध्ये वरखाली होणारी नवी खुर्ची घेतली. पहिल्याच दिवशी एक बाई वर गेल्या त्या खालीच येईनात. शेवटी त्यांना तशाच उंचावर ठेवून मी स्टुलावर चढले आणि केस कापले. हसून हसून दोघींची पुरेवाट झाली.

तुझं पत्र आणि सिनेमावाल्यांचे कागद पोचले. तुला दोन गोष्टी हव्या आहेत. सिनेमाच्या शेवटी दाखवायला माझ्या भुंग्याचा फोटो, आणि शेजारच्या त्या पोरीचा ठावठिकाणा मला कुठून कळला असेल तर तो. 'ती आज कुठे आहे' अशी जाहिरात करायची म्हणे. तू मध्ये दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी पार्लरमध्ये मी एकटीच होते.

आधी तुझ्या कादंबरीबद्दल बोलते. ती तू माझ्यासाठी लिहिलीस, हे मी कधी विसरणार नाही. भुंगा गेला तेव्हा माझ्या उशाशी तूच बसून होतास. मी 'तिनं असं का केलं' एवढं एकच विचारत राहायचे. एवढ्या वर्षांनी तू उत्तर आणलंस, की ती जन्मतःच तशी होती, सायकोपॅथ. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. माझ्या बायकाही केसांना रंग लावून बसल्या की वाचतात, आणि मी जवळ गेले की पटकन पर्समध्ये सारतात. मलाही आधी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? कोडं सुटल्यासारखं वाटलं.

पण बारक्या, तुझ्या पुस्तकातली ती इस्त्रीच्या फ्रॉकातली, पापणी न लववता बघणारी मुलगी कोण रे? आपल्या शेजारच्या पोरीच्या नाकाला बारा महिने शेंबूड असायचा. नखं कुरतडून बोटं लाल व्हायची. अंधार पडला की आपल्या दारातून तिच्या दारापर्यंत जायला तिला सोबत लागायची. आणि मांजर मारल्याचं तू कुठून आणलंस? आपल्या गल्लीत मांजरच नव्हतं. असल्या गोष्टींत ते लागतंच बहुतेक. वाचणाऱ्याला आधीच कळायला हवं ना, की ही काही आपल्यासारखी नव्हे, आपल्या घरातली पोरं अशी नसतात.

तिची आई निघून गेली होती आणि बाप घरी असून नसल्यासारखा. दुपारभर आमच्याकडेच असायची. वेणी मीच घालायचे. डोक्यावर दोन भोवरे होते तिच्या, त्यामुळे भांग कधी सरळ म्हणून पडायचा नाही.

तुझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण जेवणाचं. मुलगा पेटीत मरून पडलाय, सगळी गल्ली त्याला हाका मारतेय, आणि मारणारी त्याच्याच घरात बसून दोनदा मागून घेऊन जेवतेय. ते मीच तुला सांगितलं होतं. कोर्टातही मीच सांगितलं होतं. ते ऐकून सगळ्यांची खात्री पटली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती कुठे आहे ते मला माहीत आहे. उन्हाळा संपता संपता ती माझ्या पार्लरमध्ये आली होती.

तू मुलाखतीत मोठ्या प्रेमानं सांगितलंस ना, ताई अमुक गावात पार्लर चालवते म्हणून? ते वाचून आली. मी ओळखलं नाही. तिशीची साधी बाई, केस खांद्याच्या वर करा म्हणाली. एक बाजू कापून झाली, दुसरीकडे भांग काढायला गेले तर सरळ पडेना.

"दोन भोवरे आहेत तुम्हाला," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझा हात थांबला.

आरशात ती माझ्याकडेच बघत होती. "हो, काकू," ती म्हणाली.

तुझ्या पुस्तकात हा प्रसंग आला असता तर माझ्या हातातल्या कात्रीचं तू पुढे काय केलं असतंस, ते मी ओळखून आहे. मी कात्री ठेवली आणि स्टुलावर बसले.

"जा म्हणालात तर तशीच जाते," ती म्हणाली. "तुमच्या भावाचं पुस्तक वाचलं मी. वाचून बरं वाटलं, काकू. तशी असते ना मी, तर झोप लागली असती मला."

मी विचारलं, "का केलंस?" इतकी वर्षं भिंतींना विचारलं होतं. तिला पहिल्यांदाच विचारलं.

"तो चावला मला. राग आला. लपाछपीत त्याला आमच्याकडच्या पेटीत लपायला सांगितलं आणि झाकणावर बसले. तो ओरडायला लागला तेव्हा कळत होतं की उठायला हवं."

"मग?"

"उठले नाही."

"तो मरेल हे कळत होतं का तुला?"

"ते नव्हतं कळत. पण उठायला हवं, हे कळत होतं. ते मला नाकारता येत नाही."

मग मी ते विचारलं, जे तुझ्या सगळ्या वाचकांना विचारायचं असेल. "तुझ्या घशाखाली घास गेला कसा?" तिला म्हटलं.

"तुम्हीच जेव म्हणालात, काकू. मी सांगायला आले होते. दारात उभी राहून म्हटलं, एक सांगायचंय. तुम्ही खिडकीतून भुंग्याला हाका मारत होतात. म्हणालात, आधी जेवून घे, मग सांग. ताट वाढलंत. परत वाढलंत. नको म्हणायला तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल असं वाटलं, म्हणून खात राहिले. तेवढ्यात तुम्ही शोधायला बाहेर गेलात."

बारक्या, मी म्हणाले होते. ती बोलली आणि मला माझा आवाज आठवला. दारात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तेच म्हणायचे, तुझ्या मित्रांनासुद्धा. तिनं 'मागून घेतलं' हे मी कधी आणि कसं धरून चालले, देव जाणे. आता लगेच फोनला हात घालू नकोस. तेव्हा तो गेलेलाच होता, मी ऐकून घेतलं असतं तरी वाचला नसता. हे मला कळतं आणि त्यावरून मी स्वतःला खात बसलेली नाही.

मला आला तो राग, आणि तो तिचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धडधडीत राग आला आणि काय सांगू, जिवंत झाल्यासारखं वाटलं. तुझ्या पुस्तकातल्या त्या मुलीवर मला रागावताच येत नव्हतं. छप्पर कोसळून पोर गेलं तर छपरावर कोण रागावतं? तू तिला राक्षस केलंस आणि मोकळं सोडलंस. ही मात्र समोर बसून म्हणत होती, मला कळत होतं. दहा वर्षांची पोर, अर्धं कळत होतं, अर्धं नव्हतं. जे कळत होतं त्याचा जाब मला तिच्याकडून हवा आहे. जे कळत नव्हतं त्यासाठी माझा जीव तुटतो तिच्यासाठी. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि ते मलाच झेपत नाही तर तुझ्या पुस्तकात कुठून मावणार?

अर्धे कापलेले केस घेऊन कुणाला रस्त्यावर पाठवता येत नाही, म्हणून उरलेले कापले. वाकडे कापले गेले. ते सरळ करून घ्यायला ती पुन्हा आली, आणि नंतर काही कारण न काढताच आली. तुझ्या भावोजींना मी सांगितलेलं नाही. ते भुंग्याचं नाव काढत नाहीत, काढूही देत नाहीत. तुझ्या पुस्तकात तो देवदूत आहे, सारखा हसतो. तो चावायचा, बारक्या! तुझ्या दंडावरसुद्धा दात उमटवले होते, विसरलास? दिवसभर तोंडानं गुणगुण करायचा, म्हणून तर तू त्याला भुंगा म्हणायला लागलास. ते सगळं आठवणारी आता ती आहे. ती आली की आम्ही त्याच्याबद्दल बोलतो. कधी मी मध्येच उठते आणि तिला जा म्हणते. ती जाते.

याला माफी म्हणू नकोस. तिनं मागितलेली नाही, मी दिलेली नाही. देईन की नाही तेही ठाऊक नाही.

सिनेमा कर. तुझी मेहनत आहे, मी आड येत नाही. जेवणाचा प्रसंग घेशील तर माझं वाक्यही घे, नाहीतर पहिल्या खेळाला मी उभी राहून मोठ्यानं सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे. फोटो देणार नाही. कागद सही न करता परत पाठवते आहे.

आणि तिचा पत्ता तुला मिळणार नाही. तुझ्या माणसांनी तिच्या दारात कॅमेरे उभे केले तर ती एका रात्रीत गाव सोडेल, आणि पुन्हा सापडणार नाही. माझ्या मुलाचं काय झालं, ते मला सांगू शकणारं सगळ्या जगात एकच माणूस आहे. मला तिला अजून खूप विचारायचं आहे. शेवटी तो काय म्हणत होता, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. तो होईपर्यंत ती मला इथे हवी आहे.

एवढं कळावं.

भुंग्याची आई