चिंचोक्यांवर पोकर शिकवण्याच्या परवान्यासाठी चौथा अर्ज

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
लघुव्यवसाय परवाना कक्ष, बालाघाट (म. प्र.)

अर्जदार : प्रीतम डोमाजी उके, वय ३१, रा. किरनापूर, जि. बालाघाट

विषय : पोकर शिकवणी वर्गाचा परवाना मिळणेबाबत, अथवा तो का मिळत नाही हे एकदाच काय ते सांगणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (हिंदीत) व त्यांवरील आपल्या कक्षाचे दोन शेरे, जे एकमेकांना खोटे पाडतात.

महोदय,

आपण नव्याने रुजू झालात आणि मूळचे भंडाऱ्याकडचे आहात, असे शिपायाकडून कळले. म्हणून हा अर्ज मराठीत. हिंदीत सांगून सांगून अर्जदाराची जीभ थकली आहे.

१. अर्जदार राइस मिलमध्ये काट्यावर वजने लिहीत असे. जेवणाच्या सुटीत मोबाइलवर तो पोकर शिकला. यात दोन पत्ते हातात झाकलेले, पाच पत्ते मधे सर्वांना दिसणारे, आणि बाकी सगळे समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचायचे. नाद इतका पक्का झाला की लोक शिकायला येऊ लागले. तेव्हा मिल सोडून त्याने सायकलच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. निवृत्त गुरुजी, कंपाउंडर, दोन विमा एजंट धरून नऊ विद्यार्थी आहेत. फी फक्त शिकवण्याची. डाव चिंचोक्यांवर होतात, पैसा टेबलाला शिवत नाही.

२. पहिल्या अर्जावर तोंडी सांगण्यात आले की हा खेळ नशिबाचा नसून अकलेचा आहे, हे सिद्ध करावे. आपल्या कक्षाचे लिपिक श्री. बाबूलाल तपासणीसाठी आले. त्यांना गुलाम कोणता, राजा कोणता, हेही सांगावे लागले. पाहुणा उपाशी, घरात भाजी तयार, जेवायला उशीर नको म्हणून अर्जदाराने एकच डाव मांडला. बाबूलालजींना चार एक्के आले. शेरा : "नवखा माणूस जिंकतो, सबब नशिबाचा खेळ. नामंजूर." एका डावाने काही ठरत नसते, हे अर्जदार रोज शिकवतो आणि नेमके त्या दिवशी विसरला. ही चूक त्याची.

३. दुसऱ्या अर्जात त्याने चाळीस डाव मागितले. मिळाले. बाबूलालजींचे सगळे चिंचोके अर्जदाराने दोनदा जिंकले. शेरा : "अर्जदार वारंवार जिंकतो, सबब हातचलाखीचा संशय. नामंजूर." म्हणजे हरला तर जुगारी, जिंकला तर लबाड. परवान्यासाठी नेमके किती हरावे, असे तिसऱ्या अर्जात विचारले. त्याला उत्तरच नाही.

४. साहेब, परवाना भिंतीवर मिरवायची हौस नाही. गोष्ट घरातली आहे. अर्जदाराचे वडील कै. डोमाजी दिवाळीच्या तीन पत्तीत बैलजोडी हरले होते. आई शेवंताबाई सात महिने अर्जदाराच्या कमाईचा भात खात नाही. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यात राबून स्वतःचे तांदूळ आणते, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवते. म्हणते, "अकलीचा खेळ हाये, असं तुह्या बापानं बी मले सांगतलं होतं. सरकारचा ठप्पा दाखव, मंग जेवीन." एका घरात दोन गंज शिजतात आणि अर्जदाराला ते बघवत नाही.

५. गेल्या महिन्यात तिने विचारले, "थो बाबू तुले नापास काहून करते? मले शिकव, मीच पाहतो." बैल गेले त्या दिवसापासून तिने पत्त्याला हात लावला नव्हता. आठवडाभर हरली. मग हळूहळू अर्जदाराची थाप ओळखू लागली. परवा तिने त्याचे पन्नासच्या पन्नास चिंचोके जिंकले, पत्ते नीट लावून ठेवले आणि म्हणाली, "हौ, अक्कल लागते. तुह्या बापापाशी नव्हती."

तरी त्या दिवशीही तिने आपला गंज वेगळाच चढवला. तिच्या म्हणण्याने काय होते, ठप्पा तुमचाच लागतो, असे तिचे म्हणणे.

६. सबब विनंती की, शेवंताबाईंना बाबूलालजींसमोर चाळीस डाव बसू द्यावे. हातचलाखीचा संशय आल्यास तो त्यांच्या तोंडावर बोलून दाखवावा. आणि परवाना द्यायचाच नसेल, तर आपण स्वतः त्यांना तसे सांगावे. अर्जदाराच्या तोंडून त्यांना ते खरे वाटणार नाही.

आपला नम्र, आणि चौथ्यांदा नम्र,
(सही)
प्रीतम डोमाजी उके
किरनापूर, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१. दोन्ही शेऱ्यांच्या प्रती.
२. नऊ विद्यार्थ्यांच्या सह्या.
३. चिंचोके, ५० नग. (मोजून परत द्यावेत. ते आईचे आहेत.)