त्या दिवशी बारा नंबरवर कोण बोलत होतं

काफलडांडा
९ मंसिर, वि. सं. २०७१

प्रिय जुनमाया बहिनी,

नमस्ते. इथे आम्ही ठीक आहोत. तू आणि आई बागलुङला सुखरूप असाल असं धरून चालतो. तुझं पत्र पोचून एकवीस दिवस झाले. शाळेत परीक्षा होत्या म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहायचं ठरवलं होतं. परीक्षा झाल्या हे खरं, पण त्या तीनच दिवसांत आटोपल्या.

गावची खबर द्यायची तर मका यंदा बरा आला, माकडांनी नेला तेवढा सोडून. घरी तुझ्या भाउजूचे गुडघे थंडीनं धरलेत, तरी तिनं भाजी आंबवून गुंद्रुक वाळत घातलंय आणि एक पुडकं तुझ्या नावानं बाजूला काढलंय. शाळेतल्या पाच संगणकांपैकी दोन चालतात. तिसऱ्याला मी पोरांसमोर शिव्या देतो, तेव्हा तो थोडा वेळ चालतो. आरोग्य चौकीत तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. कुलूप आहे. बायका अजूनही कधी कधी पोर कडेवर घेऊन तिथवर येतात आणि परत जातात.

हे लिहिण्यात दीड पान गेलं असतं आणि मग मी परीक्षांचे निकालही कळवले असते. माझं मला कळतंय. मुद्द्यावर येतो.

तू लिहिलंयस की २५ मंसिरला जिल्ह्याला तुझी सुनावणी आहे. फाइलवरचा हलगर्जीपणाचा शेरा निघाला नाही तर कायमची नोकरी सोडाच, हंगामी कामावरही तुला कोणी उभं करणार नाही. आणि मागितलंस काय, तर दोन ओळी. ‘सर, त्या दिवशी माथ्यावर ढग होते आणि त्यामुळे नेट कटत होतं, एवढंच लिहून द्या. यंत्रातलं तुम्हालाच कळतं. माझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कोणी नाही.’ त्या पत्रात तू मला सहा वेळा सर म्हटलंयस.

बहिनी, ढग होते असं मी लिहून देणार नाही. हे वाचून तुला काय वाटेल ते मला समजतंय, पण पुढचं पूर्ण वाच. सुनावणीत तुला हे समजावून सांगावं लागेल, म्हणून पोरांना शिकवतो तसंच सांगतो.

नेटवरून बोलताना आपला आवाज किंवा चेहरा अख्खा जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर दोन नंबर असतात, कुठून निघाला आणि कुठे जायचंय. हे तुकडे आपल्या चौकीवरून माथ्यावरच्या मनोऱ्यावर, तिथून समोरच्या डोंगरावर, असे डोंगरामागून डोंगर करत पोखऱ्याला डॉक्टरांच्या पडद्यावर पोचतात आणि तिथे पुन्हा जोडले जातात. पत्र किंवा फोटो पाठवताना वाटेत एखादा तुकडा हरवला तर यंत्र तो परत मागवून घेतं. पण समोरासमोर बोलताना परत मागवायला वेळ नसतो. म्हणून चेहऱ्याचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि शेवटी फोन कटतो.

आता नंबरांचं. गावातल्या प्रत्येक यंत्राला नंबर मीच दिलाय. शाळेला दोन, चौकीला बारा, माझ्या घराला एकतीस. माथ्यावर बारा नंबरसाठी मी एक नियम घातला होता, की बाराचे तुकडे आले की बाकी सगळ्यांनी थांबायचं आणि बाराला आधी जाऊ द्यायचं. गेल्या वर्षी गावच्या समितीच्या सभेत मी तो नियम सांगितला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तू तोंडाला शाल लावून हसत होतीस. मला फार बरं वाटलं होतं.

त्याच पावसाळ्यात आमचा दिपेन कतारला कामाला गेला. साउनात सोलर नीट भरत नाही, नेट मंदावतं. पोराचा चेहरा दिसायचा तो चौकोनांचा. तुझी भाउजू पडद्याला हात लावून विचारायची, ‘हा त्याचा कान की भिंत?’ तीन आठवडे असं चाललं आणि मग एके दिवशी मी माझ्या घरच्या यंत्राला बारा नंबर दिला.

एवढंच केलं. चार बटणं दाबली. दिपेन लगेच स्वच्छ दिसायला लागला, हनुवटीवरचा तीळसुद्धा. भाउजू मला म्हणाली, ‘एवढं सोपं होतं तर इतके दिवस का नाही केलं?’ तिला आजही माहीत नाही मी काय केलं होतं.

एकाच नंबरची दोन यंत्रं एका वेळी चालू असली की काय होतं ते सांगतो. बाराचा तुकडा आला की माथ्यावरचं यंत्र हाक मारतं, ‘बारा नंबर कोण?’ माझ्या वर्गात एकाच हजेरीनंबरची दोन पोरं बसली तर दोघंही हजर म्हणतील, तसंच. दोन्ही यंत्रं उत्तर देतात. ज्याचं उत्तर शेवटी आलं त्याच्याकडे तुकडे जातात. थोड्या वेळानं पुन्हा हाक, पुन्हा दोघांचं उत्तर. डॉक्टरांचे तुकडे माझ्या घरी येणार आणि माझं यंत्र ते ओळखीचे नाहीत म्हणून टाकून देणार. ज्याचं यंत्र नवीन आणि जास्त बोलकं, तो बहुतेक वेळा जिंकणार. माझं यंत्र नवीन होतं.

तू डॉक्टरांशी बहुधा सकाळी बोलायचीस, मी दुपारी दिपेनशी. कोणी पेशंट आला तर मला कळेलच, तेव्हा मी बंद करीन, असा हिशेब मी मनाशी केला होता.

आणि साउनातल्या त्या मंगळवारी दुपारी एक वाजता खेचरवाला मनलाल पोट धरून चौकीत आला.

च्याउ, रानातली अळंबी, खाऊन त्याला उलट्या लागल्या होत्या. तू सलाईन लावलंस आणि डॉक्टरांना फोन लावलास. अडीचला ते ऑपरेशनला जायचे हे तुला माहीत होतं. तू सात वेळा फोन लावलास. मोबाइलला तेव्हा इथे एक काडीही येत नव्हती. संध्याकाळी त्याच्या उलट्या थांबल्या, दुसऱ्या दिवशी तो उठून जेवला, ‘माझी खेचरं उपाशी आहेत’ म्हणत स्वतःच्या पायांनी घरी गेला. शुक्रवारी तो पिवळा पडला आणि खाली नेताना डोलीतच गेला. मी नंतर पोखऱ्याला त्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, काही जातीच्या च्याउत असंच होतं, मधे एक दिवस माणूस बरा दिसतो आणि तोच फसवा असतो. पहिल्याच दिवशी त्याला खाली आणायला सांगितलं असतं, म्हणाले. मी त्यांना का भेटायला आलोय, ते त्यांनी विचारलं नाही.

सभेतलं तुला आठवत असेलच. तू म्हणालीस, फोन कटत होता. अध्यक्ष नरजंगनं माझ्याकडे नोंदी मागितल्या. माथ्यावरचं यंत्र कोणत्या नंबरनं किती वेळ किती माल नेला ते सगळं लिहून ठेवतं. मी कागद पुढे केला. बारा नंबर, एक ते अडीच, अखंड चालू, गावात सगळ्यात जास्त.

‘कटत होता म्हणतेस,’ नरजंग कागद नाचवत म्हणाला, ‘आणि इथे तर दीड तास धो धो वाहतंय! पेशंट ओकतोय आणि बाई काय बघत होत्या? कोरियाची मालिका?’

लोक हसले. मनलालची बायको धनसरी हसली नाही, नुकताच नवरा गेलेली बाई ती. तिनं तुला जे शाप दिले ते मी इथे लिहीत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, ‘सर, ढग होते ना? तुम्हीच म्हणाला होतात.’

मी म्हणालो, ‘मला आठवत नाही.’

त्या कागदाला मुळात दोन रकाने असतात. एकात आपण दिलेला नंबर. दुसऱ्यात यंत्राचा जन्माचा नंबर, जो कारखान्यातूनच येतो आणि दोन यंत्रांचा कधी सारखा नसतो. दुसऱ्या रकान्यात त्या दीड तासात दोन वेगळे जन्मनंबर आलटून पालटून दिसतात, तुझं यंत्र, माझं यंत्र, तुझं, माझं, माझं, माझं. छापताना मी दुसरा रकाना काढून टाकला. आणि मनलालला नदीवर नेण्याआधीच मी घरचा नंबर पुन्हा एकतीस केला होता. गाव रडत होतं आणि मी चार बटणं दाबत होतो.

इथपर्यंत लिहून मी चहा पिऊन आलो. खरं म्हणजे पळून आलो. एक गोष्ट राहिली आहे आणि ती टाळून पत्र संपवता येतं का ते पाहत होतो.

तू त्या दुपारी माझ्या दारात आली होतीस. दोनला दहा कमी होते. चप्पल न घालता धावत आली होतीस. ‘सर, नेट बघा ना, सारखं कटतंय, मनलाल दादा चौकीत आहे.’ मी दारात उभा राहून म्हणालो, ‘माथ्यावर ढग आहेत, बहिनी. थोडं थांब, येईल.’ तू मान डोलावलीस आणि परत धावलीस. तुला माझ्या बोलण्यावर शंका आली नाही. माथा मोकळा होता. तू मागे वळून पाहिलं असतंस तर दिसला असता.

मला माहीत होतं, बहिनी. नंतर कळलं, तेव्हा लक्षात आलं नाही, असलं काही नाही. दारात उभा असतानाच माहीत होतं. मी फोन बंद करायलाच आत गेलो होतो. पण दिपेन म्हणाला, ‘बा, थांबा, गंमत दाखवतो.’ त्याच्या खोलीत कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं, काचेच्या दाराचं. तो ते चालू करून पडद्यापुढे बसला. भाउजूनं माझा हात धरून मला खाली बसवलं. आम्ही दोघं अडीच वाजेपर्यंत त्याचे शर्ट फिरताना बघत होतो. मी मनात म्हणत होतो, एवढं झालं की बंद करतो.

म्हणून ढगांचं लिहून देता येत नाही. ढगांमुळे कटलं म्हटलं, तर त्या नोंदी तुला पुन्हा खोटं पाडतील. सोबत दोन्ही रकान्यांचे पूर्ण कागद जोडलेत, माझ्या घरच्या यंत्राचा जन्मनंबर असलेल्या पाठीचा फोटो जोडलाय, आणि हे सगळं मी केलं असं सहीचं निवेदनही. त्याची एक प्रत जिल्हा कार्यालयाला, एक नरजंगला. माथ्यावरच्या किल्ल्या मी समितीला परत दिल्या. तू माफ करावंस असं मी म्हणणार नाही. सोळा महिने तू माझी वाट पाहिलीस आणि मी वाट लावली तुझी. मला स्वतःची लाज वाटते, याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही.

हे ईमेलनं पाठवू शकलो असतो. त्या वाटेनं पाठवायला मन झालं नाही.

१० मंसिर, सकाळी

काल पत्र संपलं होतं. पण आपल्याकडचं टपाल खाली कोण नेतं ते तुला माहीत नसेल. मनलालची खेचरं आता धनसरी हाकते. आज पहाटे ती दारात आली आणि पाकीट हातात तोलत म्हणाली, ‘एवढी जाड चिठ्ठी? कोणाला?’

‘जुनमायाला.’

‘त्या अनमी नर्सला? मग हे ओझं न्यायला खेचराला वेगळं दाणापाणी लागेल.’

बंद पाकीट तिच्याच हातानं पाठवणं मला जमलं नाही. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, बस, वाचून दाखवतो. ती बसली नाही. ‘वाचा तुम्ही. मी पट्टे आवळते.’

मी सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता. कपड्यांच्या यंत्रापाशी आलो तेव्हा तिचे हात थांबले.

‘कपडे?’

‘हो.’

‘माझा माणूस तिकडे ओकत होता आणि तुम्ही कपडे बघत होता?’

‘हो.’

तिनं हातातला पट्टा सोडून दिला. मग विचारलं, ‘फोन लागला असता तर वाचला असता तो?’

‘सांगता येत नाही. त्याच दिवशी खाली नेलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले.’

‘खेचरं दारातच होती,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी दोन्ही खेचरं दारातच उभी होती, मास्तर.’

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कागद घडी करून चोळीत खोचले आणि पाकीट मला परत दिलं.

‘हे नको. मी बेनीला टपालात टाकणार नाही. पुढे बस पकडून बागलुङला जाईन. त्या पोरीच्या दारावर शेण मी फेकलं होतं, या हातानं. ती वाचेल तेव्हा मी समोर असेन.’

‘मीही येतो,’ मी म्हणालो.

‘तुम्ही नाही. ती मला घरात घेते की हाकलते ते मला एकटीला बघायचंय. तुमची पाळी नंतर येईल.’

म्हणून हे शेवटचं पान उभ्या उभ्या लिहितोय, ती खाली थांबली आहे. २५ तारखेला मी कार्यालयाच्या फाटकाशी असेन. तू माझ्याशी बोलायची गरज नाही, बघायचीही नाही. ते तुला विचारतील, त्या दिवशी माथ्यावर ढग होते का. तू ‘नाही’ म्हण आणि बस. पुढचं मला बोलू दे.

तुझा अपराधी,
खिमबहादूर गर्बुजा