विझवलेले कंदील

मुरबे, मंगळवार, डिसेंबर १९६५

काल रात्री एक छोटं विमान गावावर तीनदा घिरट्या घालून समुद्रात पडलं. सकाळी होडीवाल्यांनी वैमानिकाचं प्रेत आणलं. एका पायात बूट नव्हता.

अंधारात तो किनारा शोधत असणार. एखादा कंदील दिसता तर पुळणीवर उतरला असता, असं फौजदार म्हणाले. कंदील कुठून दिसणार? विमानाचा आवाज आला की दिवे विझवायचे, हे लढाईत मीच घरोघर शिकवलं. लढाई थांबली. आता विझवू नका, हे सांगायचं राहूनच गेलं. का राहिलं?

संध्याकाळी शेजारची काशीबाई अभिमानानं म्हणाली, "मास्तर, तुमी शिकवलं तसंच केलं. गावात एक पन कंदील ठेवला नाय."

वर्गातल्या सवयीनं मी तिला शाबास म्हणालो.