दगडी राजा आणि माझे हात

४ मार्च, मंगळवार

नापास! अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलं आणि आज डॉक्टरने माझ्या पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरला. झालं — बोटीवर जायला अनफिट. महिनाअखेरीला पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही नापास झालो तर कायमचा घरी. बोटीवर नोकरी लावून देणारा एजंट म्हणाला, तोवर विश्रांती घ्या सर. विश्रांती! एसीच्या वाऱ्याने हलला असेल तो कागद. पण कुणी ऐकून घेईल तर शपथ.

७ मार्च

ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी फिरायला गेलो. समोर नांगरलेली जहाजंच जहाजं. तसाच परत फिरलो.

८ मार्च, शनिवार

किमयाने तिचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. बापाचा वेळ जावा म्हणून गेम! त्यात दगडी राजा म्हणून एक राक्षस आहे, त्याला मारायचं. तोच मला मारतोय. बोटं वेळेवर पोचतच नाहीत. शेवटी कंट्रोलर आपटला. प्रणिता ओट्यापाशी उभी राहून नुसती बघत होती. बायकोचं ते बघणं डॉक्टरपेक्षा वाईट.

१० मार्च

मारला! किमयाने गेम लावून दिला, शेजारी बसली, आणि मी त्या दगड्याचा भुगा केला. हे हात अनफिट? प्रणिताला बोलावून दाखवलं. ती 'छान' म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. कौतुक करायला जीभ झिजते काय!

लगेच एजंटला फोन केला. म्हटलं, महिनाअखेर कशाला, याच आठवड्यात तपासा. शुक्रवार ठरला.

१२ मार्च

किमयाच्या लॅपटॉपवर आज ट्रेनर नावाचं काहीतरी सापडलं. एक बटण दाबलं की गेममधला माणूस मरतच नाही. मग खेळायचं काय आणि जिंकायचं काय? शाळेतून आल्या आल्या तिला फैलावर घेतलं.

"सिंगल-प्लेअर आहे बाबा," ती म्हणाली. "नोबडी गेट्स हर्ट, लाह."

लाह! इथल्या पोरांचं हे शेपूट प्रत्येक वाक्याला. म्हटलं, इंजिनरूममध्ये असलं बटण नसतं. लबाडी करून जिंकणारी मुलगी माझी नव्हे. तिचे डोळे भरले. तिच्यादेखत ट्रेनर डिलीट केला. बरं केलं.

१३ मार्च, गुरुवार

किमया जेवायला आली नाही. नको येऊ दे.

उद्यासाठी हात सरावात राहावेत म्हणून खेळायला बसलो. दगडी राजाने पहिल्याच फटक्यात आडवा केला. पुन्हा बसलो, पुन्हा तेच. प्रणिता कधीची मागे उभी होती.

"तिने ते बटण स्वतःसाठी नव्हतं लावलं रे," ती म्हणाली.

उद्याची तपासणी मीच मागून घेतली आहे.