कार्निव्हलमधली पगडी

डॉर्सेट, ऑगस्ट १९६७

तीर्थरूप नानांस,

इथे बघण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. जुनं दगडी चर्च आहे, मेंढ्यांचा बाजार भरतो आणि उन्हाळ्यात कार्निव्हल निघतो. यंदा सोंगांना बक्षीस द्यायला मला, गावच्या डॉक्टरला, बोलावलं.

आदल्या आठवड्यात बेकरीवाला पर्किस एखादा ‘इंडियन ड्रेस’ मागायला आला. निघताना तुम्ही दिलेली लाल पगडी मी त्याला दिली. वाटलं, महाराजा होईल. त्याने माझंच सोंग घेतलं. तोंडाला, हातांना तपकिरी बूटपॉलिश, गळ्यात स्टेथोस्कोप, डोक्यावर तुमची पगडी. माझ्यासारखी मान हलवत तो ट्रॅक्टरवरून आला. सगळं गाव हसलं. मीही हसलो, नाना. पहिलं बक्षीस त्यालाच दिलं, हात मिळवला.

घरी सुप्रभा म्हणाली, "आधी हात धुऊन या. पॉलिश लागलं असेल."

"माझ्या हातावर कुठे दिसतंय?"

पर्किसने परत केलेल्या पगडीच्या अस्तरावर मात्र दिसतंय. सुप्रभा ते पुसत बसली आहे.

हे पत्र टाकणार नाही. जे टाकेन, त्यात चर्चबद्दल सविस्तर लिहीन.

तुमचा,
मुकुंद